उष्टीं काढणाराचा अधिकार

(१)

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून कित्येक वाचकांस आश्चर्य वाटेल. वंशावळी, ताम्रपट, सनदा, मोहिमांचे पत्रव्यवहार यांची चर्चा जेथें नेहमीं व्हावयाची, तेथें जेवणाऱ्यांचीं उष्टीं काढणारा माणूस कशासाठीं आणावा, अशी शंका येणें साहजिक आहे. तीस उत्तर इतकेंच कीं, ज्या समाजाच्या इतिहासाचीं साधनें आपण जमवितों तो समाज रोज जेवत होता. आणि एक पंक्ति उठल्यावर ती जागा दुसऱ्या पंक्तीस योग्य करून देणारा कोणी तरी रोज तेथें उभा होता. आचाऱ्याचें नांव हिशेबांत कधीं कधीं सांपडतें. वाढणाराची वाखाणणी आख्यानांतून होते. उष्टीं काढणाराचें नांव मात्र सहसा कोठें आढळत नाहीं. हा अभाव आकस्मिक नव्हे. त्याच्या मागें एक विचार आहे. तो विचार कोणता, मराठी परंपरेनें त्यास काय उत्तर दिलें, आणि पंक्ति जाऊन टेबल आल्यावर या कामाचें स्वरूप कसें पालटलें, हें येथें क्रमानें पाहावयाचें आहे.

(२)

प्रथम शब्दाचा विचार करूं. ‘उष्टें’ हें संस्कृत ‘उच्छिष्ट’ याचें मराठी रूप. ‘शिष्’ म्हणजे उरणें या धातूपासून तें आलें. शेष, अवशेष, विशेष हे शब्द याच धातूचे. म्हणजे शब्दाच्या मुळाशीं अमंगळपणा कांहींच नाहीं. ‘जें मागें उरलें तें’ एवढाच त्याचा अर्थ. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडांतील सातवें सूक्त तर उच्छिष्टाच्याच स्तुतीचें आहे. यज्ञांत हवन होऊन जें उरतें त्याच्या ठायीं नामरूप, लोक, द्यावापृथिवी हीं सर्व स्थित आहेत, असें तेथें सांगितलें आहे. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वांत अर्ध्या सोनेरी अंगाचा मुंगूस येतो. एका उंछवृत्ति ब्राह्मणानें स्वतः उपाशी राहून अतिथीस सातूचें पीठ दिलें. त्या जागीं सांडलेल्या कणांत लोळल्यानें मुंगुसाचें अर्धें अंग सोन्याचें झालें. उरलेलें अर्धें सोन्याचें व्हावें म्हणून तो धर्मराजाच्या यज्ञमंडपांत येऊन लोळला, परंतु तेथें तसें कांहीं झालें नाहीं. यजमानाच्या दानाची परीक्षा त्यानें केली ती पक्वान्नांवरून केली नाहीं. जेवणाच्या जागीं मागें काय राहिलें यावरून केली. ही गोष्ट पुढें आपल्या उपयोगीं पडेल.

हा झाला यज्ञशेषाचा मान. माणसाच्या मुखास लागून राहिलेल्या अन्नाची गोष्ट अगदीं निराळी. नारदस्मृतींत सेवकांचे पांच वर्ग सांगितले आहेत: शिष्य, अंतेवासी, भृतक, अधिकर्मकृत् आणि दास. पैकीं पहिल्या चौघांनीं शुभ कर्में करावीं आणि अशुभ कर्में दासांनीं करावीं, अशी तेथें व्यवस्था आहे. अशुभ कर्मांच्या यादींत घर, द्वार, रस्ता आणि उकिरडा झाडणें यांच्या शेजारींच उच्छिष्ट उचलणें व टाकणें हें काम मलमूत्राच्या जोडीस बसविलेलें आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें धोरणहि याच दिशेचें आहे. या ग्रंथाची पोथी १९०५ मध्यें म्हैसूर येथें शामशास्त्री यांच्या हातीं आली व १९०९ त ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला, हें वाचकांस विदित आहेच. त्याच्या तिसऱ्या अधिकरणांत दासकल्पाचा विचार आहे. ऋणापायीं गहाण राहिलेल्या माणसाकडून प्रेत, मलमूत्र किंवा उच्छिष्ट उचलविल्यास धनकोनें दिलेलें द्रव्य बुडतें, असा तेथें नियम आहे. दोन्ही ग्रंथकार या कामास हीन समजतात. परंतु कौटिल्य एक पाऊल पुढें जातो. जो अडलेला आहे त्याच्यावर हें काम लादूं नये, आणि लादणारास त्याची किंमत द्यावी लागेल, असें तो सांगतो. लादलेलें काम आणि पत्करलेलें काम यांतील हा भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

याच ग्रंथांत गूढपुरुषांच्या प्रकरणीं स्वयंपाकी, न्हाऊं घालणारा, अंग रगडणारा, बिछाना घालणारा, पाणी देणारा इत्यादि सेवकांचीं नांवें एकत्र येतात. विष देणारे गूढपुरुष या सेवकांच्या वेषांत ठेवावेत, असा तेथें संदर्भ आहे. हा संदर्भ भयंकर खरा. परंतु त्यांतून एक गोष्ट सिद्ध होते. पाणी देणारा आणि ताटाजवळ वावरणारा सेवक हा अमात्याहूनहि राजाच्या अधिक जवळ असतो. ज्याचें काम सर्वांत हलकें समजलें, त्याच्यावरच विश्वास सर्वांत अधिक टाकावा लागला.

(३)

आतां अधिकारांच्या याद्या पाहूं. युधिष्ठिराच्या राजसूयांत कोणाकडे कोणतें काम होतें याची यादी सभापर्वांत आहे. भक्ष्यभोज्यांचा अधिकार दुःशासनाकडे, ब्राह्मणांच्या स्वागताचा अश्वत्थाम्याकडे, राजांच्या सत्काराचा संजयाकडे, रत्नें व दक्षिणा कृपाचार्यांकडे, खर्च विदुराकडे, आणि आलेले नजराणे घेण्याचें काम दुर्योधनाकडे. भागवताच्या दशमस्कंधांतील पंचाहत्तराव्या अध्यायांत ही यादी थोडी निराळी आहे. तेथें भीम पाकशाळेचा अध्यक्ष, दुर्योधन कोशाध्यक्ष, द्रौपदी वाढणारी, कर्ण दान देणारा, आणि श्रीकृष्ण पाहुण्यांचे पाय धुणारा. सामग्री आणण्यापासून दक्षिणेपर्यंत सर्व कामांस धनी आहे. पण हजारों पानें वाढलीं गेल्यावर तीं उचललीं कोणीं, हा प्रश्न दोन्ही याद्यांत रिकामाच राहतो.

आपल्याकडील राज्यव्यवहारांतहि असेंच दिसतें. शिवकालीन अठरा कारखान्यांत मुदपाकखाना आहे, म्हणजे स्वयंपाकास कारखाना आहे. आबदारखाना आहे, म्हणजे पाण्यास कारखाना आहे. उष्ट्रखानाहि आहे; परंतु तो उंटांचा, उष्ट्यांचा नव्हे! कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत अन्नभोगाचें प्रकरण चांगलें विस्तृत आहे. पण तेथेंहि ग्रंथकाराचें लक्ष पदार्थ, पाककृति व पात्रें यांकडे आहे. भोजनोत्तर काय होतें याकडे शास्त्रकारांनीं पाहिलें तें मुख्यत्वें शौचाशौचाच्या दृष्टीनें.

ही रिकामी जागा भरून काढली ती मराठी परंपरेनें. धर्माघरीं श्रीकृष्णानें उष्टीं काढलीं, ही गोष्ट आपल्या संतवाङ्मयांत, आख्यानांत आणि कीर्तनांत इतकी रूढ आहे कीं, ती मूळ संस्कृत यादींत नाहीं हें सांगितलें तर पुष्कळांस खरें वाटत नाहीं. भागवतानें देवास पाय धुण्यापर्यंत आणलें होतें. मराठी संतांनीं त्यास आणखी एक पायरी खालीं आणलें, आणि ती नेमकी नारदानें दासांसाठीं राखून ठेवलेली पायरी होती. पैठणास एकनाथांच्या घरीं श्रीखंड्या होऊन बारा वर्षें पाणी भरणारा व गंध उगाळणारा देव याच विचाराचें फळ आहे. महिपतींनीं अशा कथा अठराव्या शतकांत ओवीबद्ध केल्यानें त्या घरोघर गेल्या. जें काम यादींत लिहिण्यासहि कोणी तयार नव्हता, त्यास मराठी मनानें प्रत्यक्ष देवास अधिकारी नेमिलें. स्मृतिकारांच्या वर्गवारीस लोकांनीं दिलेलें हें उत्तर आहे, असें मला वाटतें.

(४)

परंतु येथेंच थांबणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. देवानें उष्टीं काढलीं म्हणून जे गहिंवरले, त्यांच्याच गांवांत तीं काढण्यावांचून ज्यांस गत्यंतर नव्हतें असे लोक होते. उचललेलें पान शेवटीं कोठें जात असे? ज्यांस गांवकुसाबाहेर ठेविलें त्यांच्याकडे. चोखोबांच्या जोहाराच्या अभंगांत भुकेल्या महाराचें उष्ट्यासाठीं दाराशीं येणें आहे. त्यांतील नम्रता पाहून डोळे भरून यावेत, आणि त्याच वेळीं मान खालीं जावी, असा तो प्रसंग आहे. १९२७ च्या मार्चांत महाड येथील परिषदेंत डॉ. आंबेडकर यांनीं आपल्या लोकांस मृत जनावरांचें मांस आणि उष्टे तुकडे सोडून देण्यास सांगितलें. सहा शतकांच्या अंतरावरचीं हीं दोन वचनें शेजारीं ठेवलीं म्हणजे उच्छिष्टाचा सामाजिक इतिहास डोळ्यांसमोर उभा राहतो.

दुसरा वर्ग विधवांचा. ‘चार घरचीं उष्टीं-खरकटीं काढून मुलास शिकविलें’ हें वाक्य एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील किती मराठी चरित्रांत येतें, याची मोजदाद कोणी करावी. मुलाचें चरित्र लिहिलें गेलें. आईचें काम त्या एका वाक्यांत संपलें. देवाची ती लीला, आणि या माउलीचें तें पोट. कौटिल्यानें केलेला भेद येथें पुन्हा आठवतो: पत्करलें तर सेवा, लादलें तर दास्य. काम तेंच, मान ठरतो तो करणारास ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक आहे कीं नाहीं यावर.

(५)

आतां पंक्तीकडून टेबलाकडे येऊं. जुन्या पंक्तीचा शेवट ठरलेला असे. आपोशनानें आरंभ, उत्तरापोशनानें समाप्ति. आणि पंक्तींतून एकट्यानें आधीं उठणें हा दोष. त्यामुळें उष्टीं काढणारास वेळ ओळखण्याचें कारणच नव्हतें. सर्व मंडळी एकदम उठली कीं, पत्रावळी व द्रोण एका टोंकाकडून गोळा करावयाचे, शितें वेंचावयाचीं, आणि जागेस शेण लावावयाचें. त्या सारवणानें ती भूमि पुन्हा शुद्ध होई आणि दुसरी पंक्ति बसे.

हॉटेल आलें आणि ही सर्व रचना मोडली. त्यास लागलेला वेळ लक्षांत घेण्यासारखा आहे. १८९० च्या आक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्याबद्दल लोकमान्य टिळक, न्या. रानडे आदि मंडळींवर ग्रामण्याचा प्रसंग आला व प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. पुढें मुंबईस इराण्यांचीं हॉटेलें पसरलीं. संगमरवरी फरशीचें टेबल आणि वांकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या ही त्यांची खूण. दक्षिण कानड्यांतून आलेल्या मंडळींनीं उडुपी पद्धतीचीं भोजनगृहें काढलीं. माटुंग्याचें रामा नायक यांचें श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ तलें. आरंभीं कित्येक ठिकाणीं जातवार पाट्या होत्या हें खरें. तथापि जेथें त्या नव्हत्या किंवा उतरल्या, तेथें एका टेबलावर आतां एक मनुष्य जेवून उठतो आणि त्याच जागीं घटकाभरांत दुसरा बसतो. त्याची जात कोणी विचारीत नाहीं. मध्यें काय झालें? एका पोऱ्यानें ओलें फडकें फिरविलें, एवढेंच. जें शुद्धीकरण गोमयानें होत असे तें पाण्याच्या फडक्यानें होऊं लागलें. पंक्तिभेदाविरुद्ध व्याख्यानें पुष्कळ झालीं, त्यांचें महत्त्व कमी नाहीं. पण तो भेद रोज शेंकडों वेळां पुसून टाकणारा हात या पोऱ्याचा होता. त्याबद्दल त्याचा सत्कार झाल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं.

आणि त्याचें काम सोपें न होतां अवघड झालें. टेबलावर उत्तरापोशन नाहीं, एकदम उठणें नाहीं. प्रत्येक जेवणाराची समाप्ति निराळी. ती ज्याची त्यानें ओळखावयाची. पंक्तीच्या काळीं हें केवळ अंगमेहनतीचें काम होतें. टेबलाच्या काळीं तें पारख लागणारें काम झालें.

(६)

हें मी पुस्तकावरून लिहीत नाहीं. १९७७ पासून दोन वर्षें, पुण्यांत संस्कृत शिकत असतांना, दोन वेळच्या जेवणाच्या मोबदल्यांत मीं एका खानावळींत टेबलें पुसलीं आहेत. तेथें कोंकणांतला एक वृद्ध गडी होता. त्यास अक्षरओळख बेताचीच होती, परंतु या कामांत तो माझा गुरु. पहिल्याच दिवशीं, पान रिकामें दिसलें म्हणून मीं हात घातला आणि जेवणारे गृहस्थ चमकले. म्हातारा मला मोरीपाशीं नेऊन म्हणाला, “शास्त्रीबुवा, पान नका बघूं, हात बघा. हात सुकला म्हणजे माणूस जेवला.” जेवणारा बोलत बसला आणि त्याचा हात पानावरून मागें आला, तरी बोटें मिटलीं नसतील तर थांबावें, ताक मागवावयाचें असतें. बोटें मिटून मनगट कडेवर टेकलें म्हणजे उत्तरापोशन झालें असें समजावें. चाळीस वर्षें मुलांस शिकवितांना, कोणाचें ऐकून झालें आणि कोणाचें व्हावयाचें आहे, हें मीं याच विद्येनें ओळखलें.

त्याचे बाकीचे नियम येथें नमूद करतों, कारण ते कोठें लिहिलेले नाहींत. पेला बुडाशीं धरावा. चार पेले एकदम उचलण्यासाठीं आंत बोटें घालूं नयेत. ताटांतील उरलेलें एका ताटांत करावें, जड भांडें खालीं, हलकें वर, वाट्या एकींत एक. म्हणजे आवाज होत नाहीं. फडकीं दोन असावींत, एक ओलें, एक कोरडें. टेबल पुसतांना हात आपल्याकडे ओढावा, खरकटें भांड्यांत घ्यावें, जमिनीवर किंवा बसलेल्याच्या मांडीवर लोटूं नये. जातांना भरल्या हातीं जावें आणि येतांनाहि भरल्या हातीं यावें: उष्टें घेऊन मोरीकडे गेलों तर परततांना पाण्याचा तांब्या किंवा धुतलेलीं ताटें आणावींत. वाढपी अडला कीं न सांगतां पुढें व्हावें, परंतु गिऱ्हाइकाशीं बोलण्याचा मान त्याचा आहे हें विसरूं नये. आणि बसलेल्यास ‘आतां उठा’ असें आपल्या घाईनें सुचवूं नये. टेबल भरलेलें असून बाहेर दहा माणसें उभीं असलीं तरीहि. ही शेवटची गोष्ट सर्वांत कठीण.

एक नियम मात्र मला तेव्हां समजला नाहीं. दुपारचीं पानें संपलीं कीं, म्हातारा आचाऱ्याकडे जाऊन सांगे: आज वांग्याची भाजी पानांत राहिली, आमटी कोणी टाकली नाहीं, पोळीच्या कडा सुटल्या आहेत. आचारी चरफडे, पण दुसऱ्या दिवशीं कणीक निराळी मळली जाई. गिऱ्हाईक मालकाच्या तोंडावर ‘उत्तम’ म्हणून जातें. खरें काय तें पानांत ठेवून जातें. तें वाचणारा एकटा उष्टीं काढणाराच. मुंगुसानें धर्मराजाच्या यज्ञांत जें केलें तें हाच माणूस खानावळींत रोज करीत होता.

(७)

या कामगारांची नोंद कायद्यानें घेतली ती फार उशिरां. मुंबई इलाख्यांत दुकानें व संस्था यांविषयींचा कायदा १९३९ त झाला, त्याच्या जागीं १९४८ चा आला, आणि महाराष्ट्रांत २०१७ त नवा झाला. उपहारगृहांतील नोकराच्या कामाचे तास आणि सुट्टी हीं या कायद्यांनीं प्रथम कागदावर आणलीं. चौदा वर्षांखालील मुलांस हॉटेलें, ढाबे व चहाचीं दुकानें यांत कामास ठेवण्यास १० आक्टोबर २००६ पासून बंदी झाली. ‘पोऱ्या’ हा शब्दच त्या कामाचें वय सांगत होता. तो शब्द मागें पडावा हें योग्यच. पण शब्द मागें पडतांना त्या मुलांनीं काय केलें याची आठवणहि पुसली जाऊं नये.

म्हणून संग्राहक मित्रांस माझी एक विनंति आहे. जुन्या वाड्यांतील पेट्या उघडतांना आपण सनदा व पोथ्या जपून घेतों आणि लग्नामुंजींच्या याद्या, कोठीचे रोजचे हिशेब, खानावळींच्या चोपड्या बाजूस टाकतों. ‘पाणक्यास इतके’, ‘उष्टीं काढणारीस लुगडें’, अशा नोंदी असतील तर त्या याच कागदांत असणार; इतरत्र नाहींत. त्यांस वाळवी लागली कीं ही माणसें दुसऱ्यांदा आणि कायमचीं नाहींशीं होतील. तसेच जे वृद्ध कामगार आज हयात आहेत त्यांचे नियम त्यांच्या तोंडून लिहून घ्यावेत.

आपण इतिहासाचे अवशेष जमवितों असें अभिमानानें म्हणतों. अवशेष आणि उच्छिष्ट यांचा धातु एकच आहे. मागें उरलेल्यावरून झालेल्या गोष्टीची पारख करणें हा जर आपला व्यवसाय, तर उष्टीं काढणारा हा आपल्याच बिरादरीचा मनुष्य ठरतो, आणि आपणांपेक्षां फार जुना. त्यास आपल्या पंक्तीस घेण्यास आतां हरकत नसावी.